नाव तेच, कारखाना दुसरा : लेव्हल आणि गुण्या घेताना नक्की काय बघायचं

प्रश्न : नमस्कार. मी घरीच सुतारकाम करते, आधी हौस म्हणून करायचे आणि आता लोकांच्या ऑर्डरीही घेते, टेबलं, शेल्फं, एखादं कपाट. इतके दिवस सपाटी बघायला सासऱ्यांची जुनी लेव्हल आणि काटकोन बघायला त्यांचाच गुण्या वापरत होते. लेव्हलची नळी गळायला लागली म्हणून मुद्दाम त्याच नावाची नवी मागवली. पेटी बघते तर बनवल्याचा देश वेगळाच, आणि लेव्हल त्याच जागी टोकाला टोक फिरवून ठेवली की बुडबुडा दुसरीकडे सरकतो. त्याच भरात गुण्याही नवा घेतला, वेगळ्या कंपनीचा, त्याचीही तीच रड. चौकशी केली तर कोणी म्हणतं कंपनी विकली गेली, कोणी म्हणतं नाव राहिलं पण कारखाना हलवला. मला आपल्याच देशात बनलेलं चांगलं हत्यार हवंय, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल, पण कुठल्या नावावर भरवसा ठेवायचा तेच कळेना. बाहेरून आलेला माल सगळा टाकाऊच असतो का? की सरळ जुनंच शोधत बसू?
– बुडबुड्याने वैतागलेली

उत्तर :

ताई, पहिलं म्हणजे तुम्ही लेव्हल फिरवून बघितलीत हेच मोठं काम केलंत, बहुतेक लोक नवी लेव्हल पेटीतून काढतात, भिंतीला लावतात आणि बुडबुडा मध्ये आला की खूष. तुम्ही कुठल्या देशात राहता ते पत्रात नाहीये, पण त्याने फार अडत नाही, कारण ही भानगड सगळीकडची आहे आणि शोधायची पद्धतही सगळीकडे तीच आहे. कुठलं नाव घेऊ, असं विचारलंय तुम्ही. माझं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण या दोन हत्यारांच्या बाबतीत नावावर जाऊच नका. मॉडेल नंबर बघा, त्या मॉडेलवर किती फरक चालेल असं लेखी दिलंय ते बघा, आणि हातात आल्यावर स्वतः तपासा. देशी मिळालं तर उत्तमच, ते कसं शोधायचं ते सांगतेच, पण गुण्याच्या बाबतीत हट्ट धरा आणि लेव्हलच्या बाबतीत धरू नका असं माझं मत आहे, का ते पुढे येईल.

आधी नावांचं काय झालंय ते बघू, म्हणजे तुम्हाला ऐकायला मिळालेल्या गोष्टी कुठून येतात ते कळेल. अमेरिकेतली स्टॅरेट घ्या, लॅरॉय स्टॅरेट या माणसाने कॉम्बिनेशन स्क्वेअरचं, म्हणजे सरकत्या पट्टीच्या गुण्याचं, पेटंट १८७९ मध्ये घेतलं आणि १८८० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ॲथॉल गावात कंपनी काढली. गुण्याच्या जगात यापेक्षा मोठं नाव क्वचितच सापडेल. ती कंपनी २०२४ मध्ये मिडलग्राउंड कॅपिटल नावाच्या गुंतवणूक फर्मने विकत घेतली. पण गंमत अशी की त्याच्या कितीतरी आधीपासून स्टॅरेटचे कारखाने ॲथॉलबरोबरच ब्राझीलमध्ये, स्कॉटलंडमध्ये आणि चीनमध्येही होते, म्हणजे मालक एक, नाव एक, आणि माल चार देशांत. मग 'स्टॅरेट म्हणजे अमेरिकन' हे वाक्य खरं की खोटं? कुठल्या मॉडेलबद्दल बोलताय त्यावर आहे.

लेव्हलवाल्यांचं बघा. एम्पायर लेव्हल ही १९१९ पासूनची विस्कॉन्सिनची कंपनी, २०१४ मध्ये हाँगकाँगच्या टेकट्रॉनिक इंडस्ट्रीजकडे गेली, ज्यांच्याकडे मिलवॉकी हे हत्यारांतलं नावही आहे. जॉन्सन लेव्हल, तीही विस्कॉन्सिनचीच, २०१८ मध्ये स्वीडनच्या हुल्टाफोर्स ग्रुपने घेतली. इंग्लंडमधलं रेबोन हे नाव तर १७८४ पासूनचं, ते आधी चेस्टरमनबरोबर एक झालं आणि शेवटी स्टॅनलीच्या पोटात गेलं, आणि स्टॅनली स्वतः २०१० मध्ये ब्लॅक अँड डेकरबरोबर एक झाली. मापाची हत्यारं बनवणारी अमेरिकेची ब्राउन अँड शार्प, १८३३ पासूनची, तिचा मोजमापाचा धंदा २००१ मध्ये स्वीडनच्या हेक्सागॉनने घेतला. म्हणजे सासऱ्यांच्या हत्यारावर जे नाव कोरलंय त्याचा आजच्या पेटीवरच्या नावाशी संबंध कधीकधी फक्त अक्षरांच्या वळणापुरताच उरलेला असतो. आता मालक बदलला म्हणजे माल बिघडलाच असं नाही हं, काही ठिकाणी नव्या मालकाने उलट मशिनरीत पैसे घातलेत आणि जुना कारखाना चालूच ठेवलाय. पण काय झालं ते नावावरून कळत नाही एवढं नक्की.

आणि 'अमुक देशात बनवलेले' या शिक्क्याचाही इतिहास मजेशीर आहे. ब्रिटनने १८८७ मध्ये एक कायदा केला, की बाहेरून आलेल्या मालावर तो कुठला ते लिहिलं पाहिजे, हेतू हा की गिऱ्हाईकाने जर्मन माल ओळखावा आणि टाळावा. थोड्याच वर्षांत उलटं झालं, जर्मन माल सुधारला आणि तोच शिक्का बघून लोक माल घ्यायला लागले. तेव्हा बाहेरचा माल टाकाऊ का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळून गेलंय. कारखाना कुठलाही असो, जेवढी अचूकता मागितली आणि जिच्यासाठी पैसे मोजले तेवढी तो देतो. स्वस्तातल्या लेव्हलची ऑर्डर देणाऱ्याने प्रत्येक नग तपासायचे पैसेच दिले नसतील तर कारखाना कुठल्या देशात आहे याने काय फरक पडणार? त्याच शहरातल्या शेजारच्या कारखान्यात मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, काम करणारे गुणे बनत असतात. तरीही देशी हवं या म्हणण्यात मला काही वावगं वाटत नाही, बिघडलं तर बोलायला माणूस असतो, सुटे भाग मिळतात, आणि आपल्या पैशाने आपल्याकडचा कारागीर टिकतो, ही कारणं पुरेशी आहेत, त्यासाठी दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवायची गरज नाही.

आता पेटी वाचायची कशी. पेटीवर ज्या शब्दांनी सगळ्यात जास्त फसायला होतं ते म्हणजे 'डिझाइन केलेले', 'इंजिनीअरिंग अमुक देशाचे', 'अमुक सालापासून', आणि कोपऱ्यात छापलेला झेंडा. यातला एकही शब्द हत्यार कुठे बनलं ते सांगत नाही. कंपनीचा पत्ता देशातला असला म्हणजे कारखाना देशात आहे असंही नाही, तो ऑफिसचा पत्ता असतो. 'जोडणी अमुक देशात' म्हणजे भाग बाहेरून आले आणि स्क्रू इथे आवळले, असंही असू शकतं. 'जागतिक साहित्य वापरून इथे बनवलेले' हा त्यातल्या त्यात प्रामाणिक प्रकार, निदान सांगतात तरी. कायदे देशागणिक वेगळे आहेत, पण एक नमुना म्हणून अमेरिकेचा नियम बघा, तिथे नुसतं 'अमेरिकेत बनवलेले' असं बिनशर्त लिहायचं तर माल 'सगळा किंवा जवळजवळ सगळा' तिथलाच लागतो, आणि २०२१ पासून खोटं लेबल लावणाऱ्याला दंड करता येईल असा स्पष्ट नियम तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने केलाय. भारतात पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि आयात माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि मूळ देश लिहावा लागतो. तुमच्याकडे जो कायदा असेल तो असो, शोधायची ओळ तीच, उत्पादक कोण आणि आयातदार कोण. आयातदाराचं नाव छापलेलं दिसलं की झेंडा कितीही मोठा असो, उत्तर मिळालं.

ऑनलाइन घेताना आणखी एक गोची होते, आणि मला वाटतं तुमचं तेच झालं असणार. दुकानाच्या पानावरचा फोटो जुन्या मालाचा असतो, त्याखालची कौतुकं जुन्या मालाची असतात, आणि गोदामात आता नवा माल आलेला असतो, नंबर मात्र दोघांचा एकच. म्हणून विकणाऱ्याला सरळ विचारा, आत्ता जो नग पाठवणार त्याच्या पेटीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. कंपनीला मेल टाकायचा तर 'तुमचा माल देशी आहे का' असं विचारू नका, त्याला गुळमुळीत उत्तर येतं. विचारायचं असं, की या मॉडेल नंबरचं सध्याचं उत्पादन कुठल्या कारखान्यात होतं, नळी कुठून येते, आणि अचूकता किती मिलिमीटर प्रति मीटर आहे. ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नाही ते दोन ओळीत सांगतात. जे सांगत नाहीत त्यांचंही उत्तर मिळालंच म्हणायचं.

गुण्याबद्दल मी हट्ट धरा म्हटलं त्याचं कारण आता सांगते. लाकूडकामाचा म्हणून जो गुण्या विकला जातो, लाकडी मूठ, पितळी पट्टी, दिसायला झकास, त्याला ब्रिटिश मानक बीएस ३३२२ प्रमाणे पात्याच्या दर सेंटिमीटरला ०.०१ मिमी फरक चालतो. म्हणजे २०० मिमी पात्याच्या टोकाला ०.२ मिमी. आणि हा मानक पाळणाऱ्यांचा आकडा झाला, न पाळणाऱ्यांचं विचारूच नका. याउलट मशीन शॉपमध्ये वापरतात तो अख्खा पोलादी गुण्या, इंजिनीअर्स स्क्वेअर, त्याला जर्मन मानक डीआयएन ८७५ लागतं, आणि त्यातल्या सगळ्यात ढिल्या ग्रेडला, ग्रेड २ ला, त्याच २०० मिमीला ०.०४ मिमी फरक चालतो. ग्रेड १ ला ०.०२, ग्रेड ० ला ०.००९, आणि ग्रेड ०० ला ०.००४. सगळ्यात ढिला इंजिनीअर्स स्क्वेअरसुद्धा मानकाने सुताराच्या गुण्याच्या पाचपट काटेकोर! भारतीय मानकही आहे, आयएस २१०३, तेही याच जातीच्या गुण्यांसाठी. तेव्हा सुतारकामाच्या सामानाच्या दुकानात शोधूच नका, वर्कशॉपला गेज आणि मापं पुरवणारे असतात त्यांच्याकडे जा. हा गुण्या बनवायला लागतं काय, चांगलं पोलाद, ते कडक करायची भट्टी, ग्राइंडिंग मशीन, तपासायला ग्रॅनाइटचा सपाट दगड आणि ताडून बघायला एक खात्रीचा मास्टर, म्हणजे नमुन्याचा गुण्या. हे सगळं मधल्या आकाराच्या वर्कशॉपकडे असतं, म्हणूनच जिथे थोडाफार यंत्रउद्योग आहे तिथे देशी गुणे बनवणारा कोणीतरी टिकून आहे, त्याचं नाव जाहिरातीत दिसत नाही इतकंच, कारण त्याचं गिऱ्हाईक तुम्ही-मी नसतो, कारखाने असतात. अशा लोकांकडे पॉलिशला डाग पडलेला किंवा अक्षरं नीट न उमटलेला माल कमी भावात निघतो, मापाला तो अगदी बरोबर असतो, जरूर विचारा. घेताना ग्रेड लेखी मागा. '१०० टक्के अचूक' असं जिथे छापलंय आणि आकडा नाही, तिथून काढता पाय घ्या.

लाकडासाठी तुम्हाला ग्रेड २ पुरतो, ग्रेड १ म्हणजे चैन, त्याच्या वरचं घेऊन लाकडावर वापरणं म्हणजे... असो, लाकूड दमटपणाने रोज फुगतं-आकसतं, त्याच्यापुढे ०.००४ मिमीचं काय चालणार. सुतारी गुण्याच्या मुठीला जाड कड असते तशी या गुण्यालाही असते, तेव्हा फळीच्या कडेला टेकायला काही अडचण येत नाही. १५० किंवा २०० मिमीचा एक आणि ७५-१०० चा एक छोटा, एवढ्यात घरातलं बहुतेक काम होतं. कॉम्बिनेशन स्क्वेअर हवा असेल तर त्यात खर्च करायची जागा वेगळी आहे, पट्टी ज्या खाचेत सरकते ती खाच आणि पट्टी आवळणारा बोल्ट. पट्टी सैल करा, सरकवा, आवळा, तपासा, परत सैल करा, दुसरीकडे आवळा, परत तपासा, दर वेळेस तेच माप आलं पाहिजे. स्वस्त माल इथे मार खातो. आणि पट्टीवरच्या रेघा कोरलेल्या आहेत की नुसत्या छापलेल्या ते नख फिरवून बघा.

गुण्या तपासायची रीत तुम्हाला माहीत असेलच, पण त्यातही लोक घोळ घालतात म्हणून लिहिते. फळीची एक कड एकदम सरळ हवी, ती काटकोनात असायची गरज नाही पण सरळ हवी, वाकडी असेल तर सगळं मुसळ केरात. मूठ त्या कडेला दाबून पात्याच्या बाजूने रेघ मारा, गुण्या पालथा करा, त्याच बिंदूपासून दुसरी रेघ. पेन्सिलने नको, धारदार सुरीने मारा, पेन्सिलच्या रेघेच्या जाडीत दोष झाकला जातो. दोन रेघा टोकाला जेवढ्या फाकतील त्याच्या निम्मी चूक गुण्याची. समजा २०० मिमीवर रेघा ०.२ मिमी फाकल्या तर चूक ०.१ मिमी, म्हणजे ६०० मिमी रुंदीच्या कपाटाला ०.३ मिमी, चालून जाईल असं म्हणता येतं. रेघा उघडउघड १ मिमी फाकल्या तर तो गुण्या परत करा. आणि हे झालं बाहेरच्या कोनाचं, आतला कोन वेगळा तपासावा लागतो, बाहेरून बरोबर आणि आतून चुकीचा असे गुणे भरपूर असतात. त्यासाठी एक खात्रीचा गुण्या आत बसवायचा आणि उजेडासमोर धरायचं, पाच-दहा मायक्रॉनची फट असली तरी उजेडाची बारीक रेघ डोळ्याला दिसते.

आता लेव्हल. इथे देशी-परदेशीचा हट्ट मी सोडायला सांगते, कारण लेव्हलचा जीव नळीत असतो, बाकी सगळी चौकट. नळी दिसायला सरळ असली तरी आतून पिंपासारखी मध्ये फुगीर असते, त्या फुगीरपणाची गोलाई जितकी मोठी तितका बुडबुडा नाजूक. आत पाणी नसतं, पाणी गोठतं आणि काचेला चिकटून मंद चालतं, म्हणून अल्कोहोलसारखा पातळ द्रव असतो. कल्पना १६६१ च्या सुमाराची आहे, मेलशिसेडेक तेवेनो या फ्रेंच माणसाची, तत्त्व अजून बदललेलं नाही. पण ही नळी सारख्या दर्जाची, सारख्या गोलाईची, हजारोंनी बनवणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून ॲल्युमिनियमची चौकट देशात ओढून काढलेली असली तरी आतली नळी बाहेरची असायची शक्यता धरूनच चाला. शंभर टक्के देशी लेव्हल मिळाली तर आनंद, पण तिच्यासाठी चांगली लेव्हल सोडू नका. जर्मनीची स्टॅबिला १८८९ पासून याच धंद्यात आहे, ऑस्ट्रियाची सोला १९४९ पासून, यांच्यासारखे लोक मोजमापावरच जगलेत आणि अचूकता आकड्यात लिहून देतात.

आकडा कुठला हवा? ०.५ मिमी प्रति मीटर. चांगल्या कामाच्या लेव्हलला हा छापलेला असतो, साध्या लेव्हलला १ मिमी प्रति मीटर असतो किंवा काहीच नसतो. तीन मीटरच्या ओट्यावर पहिलीने दीड मिलिमीटर चूक होऊ शकते, दुसरीने तीन. आणि बारीक अक्षरात बघा, काही लेव्हलना सरळ धरल्यावर ०.५ आणि उलटी करून डोक्यावर धरल्यावर जास्त फरक असतो, तुम्ही कपाटं वरच्या बाजूला टेकवून बघणार असाल तर तो आकडा महत्त्वाचा. मशीन बसवणाऱ्यांच्या ०.०२ मिमी प्रति मीटरच्या लेव्हल असतात, त्यांच्या मोहात पडू नका, लाकडी टेबलावर तो बुडबुडा थाऱ्यावरच येणार नाही, नुसता वैताग.

तुमची नवी लेव्हल परत करण्याआधी ती किती चुकते ते मोजून घ्या, म्हणजे भांडायला आकडा हातात राहील. दोन छोटे स्क्रू टेबलात ठोका, लेव्हलची दोन्ही टोकं त्यांना टेकतील असे, म्हणजे फिरवून परत बरोबर त्याच जागी ठेवता येईल. जागा चार मिलिमीटर इकडेतिकडे झाली आणि टेबल खडबडीत असेल तर तुम्ही लेव्हल नाही, टेबल तपासत असता. एका टोकाखाली कागद सरकवून बुडबुडा अगदी मध्ये आणा. मग लेव्हल टोकाला टोक फिरवा, कागद जिथे होते तिथेच राहू द्या, आणि बुडबुडा परत मध्ये यायला आणखी किती कागद लागतात ते मोजा. साधा प्रिंटरचा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. ६० सेंटिमीटरच्या लेव्हलला सहा कागद लागले तर ०.६ मिमी, म्हणजे मीटरला १ मिमी, त्याच्या निम्मी लेव्हलची चूक, म्हणजे बरोबर ०.५, काठावर पास. बारा लागले तर नापास. बुडबुडा बघताना डोळा थेट वरून हवा, आणि दोन्ही रेघांपासूनचं अंतर सारखं बघा, कारण थंडीत बुडबुडा लांब होतो आणि उन्हात आखूड, एकाच रेघेवर विसंबलात तर ऋतूप्रमाणे उत्तर बदलेल. उभ्या नळीची तपासणी वेगळी, आणि ती दुकानदारही करत नाहीत. लेव्हलची चपटी बाजू भिंतीला टेकवून ती उभी धरा, बुडबुडा मध्ये आणा, कडेने रेघ मारा, मग लेव्हल उभ्या आसाभोवती फिरवून दुसरी चपटी बाजू भिंतीला लावा, तीच कड त्याच रेघेला जुळवा. बुडबुडा मध्ये नसेल तर नळी चुकली. नाहीतर सरळ ओळंबा सोडा, त्याला कोणी विकत घेतला तरी तो खाली जमिनीकडेच जातो.

जुनं शोधू का, असंही विचारलंय. शोधा, पण गुण्या शोधा, लेव्हल जपून. जुन्या मालातलं जे आज दिसतं ते टिकलेलं असतं म्हणून चांगलं वाटतं, मोडकं होतं ते केव्हाच भंगारात गेलं, त्यामुळे जुनं सगळं चांगलंच होतं हा भ्रम आहे. जुन्या देशी पोलादी गुण्याला वरवरचा गंज असला तरी घाबरू नका, कडा आणि टोकं बघा, पडल्याची खूण कोपऱ्याला असते. फ्रेमिंग स्क्वेअर, म्हणजे तो इंग्रजी एल अक्षरासारखा मोठा एकसंध पोलादी गुण्या, थोडा चुकत असेल तर घरीही सुधारता येतो, कोन ९० पेक्षा कमी असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ सेंटर पंचने, म्हणजे खूण पाडायच्या टोकदार पोलादी दांड्याने, ठोका, धातू तिथे पसरतो आणि कोन उघडतो, जास्त असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ ठोका म्हणजे मिटतो. एक-दोन हलके ठोके, तपासणी, मग पुढचा ठोका. कडक केलेल्या इंजिनीअर्स स्क्वेअरवर हा प्रयोग अजिबात नको हं. जुन्या लेव्हलच्या नळीतला द्रव मात्र वर्षानुवर्षांत उडतो, बुडबुडा रेघांपेक्षा मोठा दिसला की समजायचं.

सासऱ्यांची लेव्हल टाकू नका. नळी ज्या पट्टीखाली आहे तिला स्क्रू दिसतायत का बघा, जुन्या कित्येक लेव्हलना असायचे, कारण तेव्हा नळी बदलणं आणि जुळवणं हे मालकाचंच काम समजलं जायचं. स्क्रू असतील तर जुनी नळी काढून व्यास आणि लांबी मोजा, त्या मापाची सुटी नळी मिळते, बसवा आणि वर सांगितलं तसं फिरवून-फिरवून स्क्रूने जुळवा. वेळखाऊ आहे पण अवघड नाही. हल्लीच्या बहुतेक लेव्हलमध्ये नळी चिकटवून टाकलेली असते, एकदा चुकली की चुकलीच, दुरुस्तीचा प्रश्नच नाही, म्हणून तर घेताना तपासायचं. स्क्रू नसतील तर खालची कड अजून सरळ आहे का बघा, असेल तर गुण्या तपासताना फळीची कड सरळ आहे की नाही ते बघायला तीच पट्टी वापरा.

आता करायचं काय, तर आधी नवी लेव्हल परत करा, कागदांचा आकडा आणि दोन्ही बाजूंचे फोटो जोडून, नळीवर बऱ्याच कंपन्या लांब मुदतीची हमी देतात ती आहे का बघा. गुण्याही परत करा. मग पैसे आधी गुण्यावर घाला, देशी, पोलादी, ग्रेड लेखी असलेला. तो आला की बाकी सगळं त्याच्यावरून तपासता येतं. लेव्हल नंतर, ६० ची एक आणि जमलं तर १२० ची एक, ०.५ छापलेली, देश कुठला का असेना. दुकानात जाऊन घेणार असाल तर एकाच मॉडेलच्या तीन-चार मागा, काउंटरवर एकाच जागी एकेक ठेवून फिरवा, जी फिरवल्यावर हलत नाही ती उचला. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे, आणि पेटी उघडूच देत नसेल तर परत घ्यायची मुदत बिलावर लिहून घ्या.